हिलाल बागूलने सांगितलेला बोलिव्हार

हिलाल वेडू बागूलला सुरतेच्या डिंडोलीत लोक दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे त्याला कमी ऐकू येई. आणि दुसरं, सुट्टीच्या दिवशी तो धुरपदाबाईच्या खाणावळीत पुस्तक वाचून दाखवी.

तो शिंदखेडा तालुक्यातला. बाप सालदार. हिलाल सातवी पास झाला तेव्हा गुरुजी घरी येऊन म्हणाले, पोराचं डोकं चांगलं आहे, पुढे शिकवा. बापाने मान डोलावली, गुरुजींना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी हिलालला गुरांमागे धाडलं. बाविसाव्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, तो ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरला. मामेभाऊ त्याला तसाच खात्यात घेऊन गेला. खातं म्हणजे यंत्रमागांची शेड. सुरतेत सगळे तिला खातंच म्हणतात. पत्र्याखाली चोवीस माग एकदम चालत होते. मामेभाऊ तोंड हलवून काहीतरी समजावत होता आणि हिलालला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. महिन्याभरात कळायला लागलं. खात्यात ऐकून कोणीच बोलत नाही, सगळे ओठ बघून बोलतात. पंधराएक वर्षांनी हिलालला खात्याबाहेरही ओठ बघावे लागू लागले. बायको मंदा पाठ करून बोलली, की त्याला फक्त गुणगुण पोचे.

वाचून दाखवायला सुरुवात झाली ती धुरपदाबाईमुळे. ही अमळनेरकडची विधवा बाई डिंडोलीत वीस-पंचवीस एकट्या कारागिरांना जेवायला घाली. एकदा तिला गावाकडून पत्र आलं. हिलाल तिथे कांदे पोचवायला गेला होता, त्याने ते वाचलं. स्वतःचाच आवाज नीट येत नसल्याने तो मोठ्यांदा वाचे. खाणावळीतल्या सगळ्यांनी ते पत्र ऐकलं, आणि पत्र संपल्यावर एकजण म्हणाला, "आजून काही शे का वाचाले?"

तेव्हापासून तो वाचू लागला. कधी धुळ्याचं शिळं वर्तमानपत्र, कधी एखादा दिवाळी अंक. शेवभाजीची जेवणं आटोपली की माणसं भिंतीला टेकत आणि हिलाल दाराजवळच्या उजेडात पाटावर बसे.

त्र्याण्णव सालच्या होळीनंतर त्याला ते पुस्तक सापडलं. पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीच्या दुकानात, गुजराती वर्तमानपत्रं आणि शाळेच्या वह्या यांच्या ढिगात एक मराठी पुस्तक होतं. पुठ्ठा नव्हता. पहिली सोळा पानं गायब, शेवटचीही बरीच गेलेली. पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, काही कळायला मार्ग नव्हता. पण जवळजवळ प्रत्येक पानावर एक नाव होतं, सिमोन बोलिव्हार. हिलालने दुकानातच उभ्याने चार पानं वाचली आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

पुढचे नऊ-दहा महिने खाणावळीत बोलिव्हार चालला.

हिलाल नुसतं वाचत नसे. एक पान वाचून तो पुस्तक मांडीवर उपडं ठेवी आणि आपल्या भाषेत समजावून सांगे. दक्षिण अमेरिका म्हणजे समुद्रापलीकडचा मुलूख. तिथे तीनशे वर्षं स्पेनच्या राजाचं राज्य. काराकास नावाच्या शहरात एका गर्भश्रीमंत घरात हा पोरगा जन्मला. बाप तिसरं वर्ष सरायच्या आत गेला, आई नवव्या वर्षी. त्याला वाढवलं ते इपोलिता नावाच्या गुलाम बाईने, आणि मोठा झाल्यावर तो म्हणे की मला बाप ठाऊक नाही, तिलाच मी बाप मानलं.

"गुलाम म्हणजे सालदार का?" कोणीतरी विचारलं.

"सालदार साल संपलं की सुटतो," हिलाल म्हणाला. "गुलाम सुटत नाही."

हे विचारणारा लक्ष्मण होता. पारोळ्याकडचा, तिशीतला, काटक. खात्यात हिलालच्या शेजारचे माग तो चालवी. हिलालला दिसावं म्हणून तो मुद्दाम समोर बसे आणि तोंड मोठं उघडून विचारी. एकोणिसाव्या वर्षी बोलिव्हारने लग्न केलं, बायकोला घेऊन घरी आला आणि आठ महिन्यांत ती पिवळ्या तापाने गेली, हे ऐकून बाकीचे चुकचुकले, लक्ष्मणने विचारलं, "मंग त्यानी दुसरी करी का?" नाही केली. रोमला जाऊन एका टेकडीवर त्याने शपथ घेतली की माझा मुलूख सुटेपर्यंत हाताला विसावा नाही. लक्ष्मणने मान हलवली. हे त्याला पटलं.

भूकंपाचं प्रकरण लोकांनी दोनदा वाचायला लावलं. १८१२ साली लढाई नुकती सुरू झालेली, आणि काराकास शहर भुईसपाट झालं. पाद्री ओरडू लागले, राजाविरुद्ध गेलात म्हणून देव कोपला. बोलिव्हार नुसत्या सदऱ्यावर ढिगाऱ्यावर चढून माणसं उपसत होता आणि म्हणाला, निसर्ग आडवा आला तर त्याच्याशीही लढू. पुढे तो हरला, पळाला, परत आला, पुन्हा हरला. हैती बेटावरच्या अध्यक्षाने त्याला बोटी आणि बंदुका दिल्या, बदल्यात एकच मागितलं: तुझ्या मुलखातले गुलाम सोड. मग अँडीजचा डोंगर. मैदानातली उघडी माणसं घेऊन तो पावसापाण्यात बर्फाच्या खिंडीतून चढला. शेकड्यांनी माणसं गारठून मेली, घोडे तर सगळेच मेले, आणि पलीकडे जे उतरले त्यांनी लढाई जिंकली. एकामागून एक पाच देश सुटले. पेरूच्या वरच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी तर आपल्या नव्या देशाला त्याचंच नाव दिलं. बोलिव्हिया.

इथे पुस्तक संपत होतं. शेवटचं पान अर्ध्या वाक्यावर फाटलेलं होतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत हिलाल त्या पानावर पोचला. समोर तीस माणसं होती. नऊ-दहा महिने ती हा माणूस ऐकत आली होती. "मंग काय व्हयनं?" लक्ष्मणने विचारलं. हिलालने खाली पाहिलं आणि न थांबता पुढे वाचू लागला. म्हणजे वाचल्यासारखं केलं. बोलिव्हार काराकासला परतला. रस्त्यावर फुलं टाकली होती. गर्दीत त्याला म्हातारी इपोलिता दिसली, तसा तो घोड्यावरून उतरला आणि तिच्या गळ्यात पडला. लोकांनी त्याला रथात बसवलं, दोरीला हजार हात लागले. पुढे तो खूप जगला. रोज सकाळी ज्यांच्यासाठी लढला ती माणसं त्याच्या ओसरीवर येऊन बसत.

धुरपदाबाईने डोळ्याला पदर लावला. लक्ष्मण उठून दारात जाऊन उभा राहिला.

मंदाही त्या दिवशी ऐकायला आली होती. घरी जाताना ती म्हणाली, "शेवटी तुम्ही पान उलटलंच नाही."

मंदाला वाचता येत नव्हतं. हिलालने ऐकू न आल्यासारखं केलं.

"पानच उलटलं नाही," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली. "एवढं सगळं एकाच पानात होतं?"

"लोकांना बरं वाटलं ना?"

"वाटलं," मंदा म्हणाली आणि चालू लागली.

त्या वर्षी सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी आली. दोन दिवसांत उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा उरली नाही. हिलाल, मंदा आणि मुलगी योगिता तोंडाला फडकी बांधून गाडीच्या संडासाशेजारी बसून गावी गेली. महिना-सव्वा महिन्याने परत आली तेव्हा गल्ल्या झाडलेल्या होत्या, गटारींवर पांढरी पावडर होती. खातं मात्र होतं तसंच होतं. प्यायच्या पाण्याचा पिंप संडासाच्या भिंतीला लागून, वर झाकण नाही, त्यात एकच डबा, तोही अंग धुवायचा.

लक्ष्मणने तो पिंप इतकी वर्षं पाहिला होता. आता मात्र त्याला तो दिसू लागला. त्याची धाकटी बहीण गावी जुलाबाने गेली होती, हे त्याने तेव्हाच पहिल्यांदा हिलालला सांगितलं. चाळीस कारागिरांसाठी झाकणाची टाकी आणि नळ, एवढंच त्याला हवं होतं. त्याने अर्ज हिलालकडून लिहून घेतला. सह्या आणि अंगठे गोळा करायला तो घरोघर फिरला. कोणी कचरला की तो म्हणे, "तो अनवाणी माणसं घेऊन डोंगर चढला. आपल्याला शेठच्या ऑफिसचा जिना चढायचा आहे. तेरा पायऱ्या."

हे हिलालच्या कानावर आलं तेव्हा त्याला बरं वाटलं आणि लगेच कसंतरीही वाटलं. पण सही त्याने केली, सगळ्यांत वर.

शेठने अर्ज ठेवून घेतला. महिनाभर काही झालं नाही. मग लक्ष्मण एकटाच सरकारच्या कामगार कचेरीत गेला, तिथे तीन खेपा घातल्या. एक साहेब येऊन पिंप बघून गेला. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात खात्यात सिमेंटची टाकी बांधली, तिला दोन नळ बसले. कारागिरांनी नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लक्ष्मणला खोबरं मिळालं ते सगळ्यांत शेवटी, कारण तो वाटत होता.

त्यानंतर आठ दिवसांनी शेठने एकेकाला वर बोलावलं. हिलालची पाळी आली. खोलीत शेठ होता आणि त्याचा हिशेबनीस मेहताजी. शेठ तसा शांत माणूस, आवाज चढवत नसे.

"हिलालभाई, तुम्ही जुने माणूस," तो हिंदीत म्हणाला. "साहेबाला इथे कोणी आणलं? तुम्ही सगळ्यांनी मिळून, की एकट्या लक्ष्मणने?"

हिलालला प्रत्येक शब्द दिसला. सगळ्यांनी मिळून, एवढंच म्हणायचं होतं. त्याने हात कानामागे नेला, भुवया उंचावल्या आणि नुसता शेठकडे बघत राहिला. शेठने पुन्हा विचारलं. हिलालने मान हलवली, कानाकडे बोट केलं. मेहताजी हसला. "ए बहेरो छे, जवा दो," तो म्हणाला. हिलाल तेरा पायऱ्या उतरून खाली आला आणि मागावर उभा राहिला.

बाकीच्यांनी काय सांगितलं हे त्याने कधी विचारलं नाही. लक्ष्मणला शनिवारी काढलं. त्याचं नाव बाजूच्या खात्यांतही पोचलं होतं. दोन महिने तो उधना, पांडेसरा, लिंबायत फिरला, कोणी माग दिला नाही. शेवटी त्याने हातगाडी घेतली आणि पर्वत पाटियाच्या चौकात भाजी विकायला उभा राहिला. खात्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी त्या चौकातून जात. मेहताजीही त्याच चौकात पान खायला येई. त्यामुळे माणसं गाडीसमोर आली की दुसरीकडे बघत आणि कोथिंबीर पुढच्या गाडीवर घेत.

हिलालही एकदा असाच पुढे गेला. घरी आल्यावर मंदाने विचारलं, भाजी कुठून आणली, आणि त्याने खरं सांगितलं. मंदाने ती भाजी दोन दिवस तशीच ठेवली. शेवटी शेजारणीच्या बकरीला घातली.

ऑगस्टात हिलाल शहरातल्या जुन्या भागात एका वाचनालयात गेला. आत जायला त्याला तीन चकरा माराव्या लागल्या. अंगावर खात्याचा शर्ट होता, केसांत धाग्यांचे तुकडे होते. टेबलामागे भूपेंद्रभाई नावाचे चष्मेवाले गृहस्थ बसले होते. हिलालने आपल्या मोडक्या गुजरातीत सांगितलं की बोलिव्हार नावाच्या माणसाचं पुढे काय झालं ते मला बघायचं आहे.

"परीक्षा छे?" भूपेंद्रभाईंनी विचारलं.

"नाही. मी लोकांना खोटं सांगितलंय."

भूपेंद्रभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उठून कपाटाकडे गेले. गुजराती पुस्तक होतं. वीस वर्षं दुकानांच्या पाट्या वाचून हिलालला गुजराती लिपी येत होती, पण पुस्तक त्याने कधी वाचलं नव्हतं. तो बोट ठेवून वाचू लागला. अडलं की भूपेंद्रभाई समोर येऊन, ओठ सावकाश हलवून शब्द सांगत. दोन सुट्ट्या लागल्या.

रथ नव्हता. म्हणजे तसे सत्कार मध्ये झाले होते, आणि काराकासला परतल्यावर इपोलिता भेटल्याची कथाही लोक सांगतात असं पुस्तकात होतं. ते वाचून हिलाल क्षणभर थबकला. पण पुढे सगळं विसकटलं. सुटलेले देश आपसांत भांडू लागले. त्याने राज्य आवळून हातात धरलं, काही चुकाही केल्या, आणि ज्यांना त्याने मोठं केलं तेच त्याला हुकूमशहा म्हणू लागले. मारेकरी महालात शिरले तेव्हा मानुएला नावाच्या त्याच्या सखीने त्याला खिडकीतून बाहेर काढलं आणि स्वतः दारात उभी राहिली. अखेर त्याने सत्ता सोडली. क्षयाने खंगलेला तो परदेशी जायला निघाला, बोटीपर्यंत पोचलाच नाही. ज्या काराकासमध्ये जन्मला तिथे त्याला यायला बंदी होती. समुद्राकाठच्या एका गावाजवळ, एका स्पॅनिश माणसाच्या घरी, १८३० च्या डिसेंबरात तो मेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. पुरताना अंगात घालायला धड सदरा नव्हता, दुसऱ्याचा घातला. क्रांतीची सेवा करणं म्हणजे समुद्र नांगरणं, असं तो म्हणाला होता.

हिलालने पुस्तक मिटलं. आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आली ती लाज.

तो तिथून थेट पर्वत पाटियाला गेला. दुपारची वेळ, चौकात गिऱ्हाईक नव्हतं. लक्ष्मण गाडीखालच्या सावलीत गोणपाटावर बसून मुळे धूत होता. हिलालला बघून तो उठला नाही.

"बठ," तो म्हणाला.

हिलाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. लक्ष्मणच आधी बोलला.

"मी खूप विचार केला, आबा. त्याला रथ मिळाला. माझ्याकडे माणसं बघत नाहीत. रथ मला नकोय. पण माझं कुठेतरी चुकलं असणार. त्याने माणसं जोडून ठेवली, मला ती ठेवता आली नाहीत."

"रथ नव्हता," हिलाल म्हणाला.

"काय?"

"पुस्तक फाटलेलं होतं. शेवट मी मनानं सांगितला." आणि मग त्याने खरा शेवट सांगितला. खिडकी, बंदी, क्षय, परक्याचं घर, दुसऱ्याचा सदरा. काही गाळलं नाही. बोलिव्हारच्या चुकाही सांगितल्या. मग श्वास घेऊन म्हणाला, "आणि शेठने मला विचारलं तेव्हा मी बहिरा झालो. मला सगळं दिसत होतं."

लक्ष्मणने तोंड फिरवलं. त्याचे ओठ हिलालला दिसेनात. खांदे हलले, म्हणजे तो काहीतरी बोलला, पण काय ते हिलालला कळलं नाही, आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही. एक बाई येऊन दुधीचा भाव विचारून गेली. लक्ष्मणने तिला उत्तर दिलं, मग हिलालकडे वळला. डोळे लाल होते, पण चेहरा बराच सैल झालेला होता.

"म्हणजे त्याचंही असंच झालं," तो म्हणाला.

"हो."

"एवढा मोठा माणूस. पाच देश." त्याने मुळ्याची जुडी बांधली. "आणि ते देश? ते पुन्हा राजाने घेतले का?"

"नाही. ते सुटले ते सुटलेच."

लक्ष्मणने जुडी गाडीवर ठेवली. मग विचारलं, "आपल्या टाकीला पाणी येतं का रोज?"

"येतं. दोन्ही नळांना."

"झाकण ठेवतात का?"

"ठेवतात."

"मंग ठीक शे," लक्ष्मण म्हणाला. शेठपुढच्या गोष्टीबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही. चार महिन्यांनी बोलला, तेव्हा एवढंच म्हणाला की तुझ्या घरी पोरगी आहे, मी एकटा जीव होतो. हिलालने ती सूट मनातून कधी घेतली नाही.

शहाण्णवच्या संक्रांतीनंतरच्या सुट्टीला हिलालने खाणावळीत खरा शेवट सांगितला. या वेळी हातात पुस्तक नव्हतं. लोकांना ते आवडलं नाही. "मंग तवय खोटं कसाले सांगं?" एकाने उठून विचारलं. हिलाल म्हणाला, तेव्हा मला खरं माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं म्हणायला जीभ उचलली नाही. तो माणूस चपला घालून निघून गेला. त्याच्यामागे आणखी आठ-दहा गेले, आणि त्यांतले बरेच पुन्हा वाचनाला आले नाहीत. धुरपदाबाई मात्र ताटं उचलता उचलता म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. एवढं चांगलं कोणाचं होत नाही."

हिलाल दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मणच्याच गाडीवर भाजी घेऊ लागला, मेहताजी समोर पान खात असला तरी. मेहताजीने एक-दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघणं सोडलं. हळूहळू खात्यातले आणखी दोघे येऊ लागले. बाकीचे आले नाहीत.

नव्व्याण्णव साली हिलालचं मागाचं काम सुटलं. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो. तो बदल त्याला कळेना, आणि कापड खराब निघू लागलं. मग तो मंदाबरोबर घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापू लागला. योगिता तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. लक्ष्मणने कोसाडला खोली घेतली, लग्न केलं, चौकातली गाडी सोडून तिकडेच दुकान मांडलं. लांब पडतं, दोन रिक्षा बदलाव्या लागतात, तरी पंधरवड्यातून एकदा हिलाल तिकडे जातो. लक्ष्मणची बायको छाया सुरुवातीला त्याच्याशी ओरडून बोले. लक्ष्मणने तिला शिकवलं, ओरडू नकोस, समोर ये आणि सावकाश बोल.

"आबा, मेथी देऊ का वांगी?" ती आता समोर येऊन सावकाश विचारते.

"वांगी दे," हिलाल म्हणतो. "भरीत करायला मंदाने मोठी सांगितली आहेत."